काळा भुगा वाळवीचा नाहीये, ताई

"दादा, सिंहगड रोडवरून लिहितेय. आमच्याकडे २०१० सालचा होम थिएटर सेट आहे, सासऱ्यांनी रिटायर झाल्यावर आलेल्या पैशातून घेतलेला. पाच छोटे स्पीकर, एक रिसीव्हर आणि एक मोठा सब-वूफर, म्हणजे तो बेसचा डबा. सब-वूफर चार पायांवर उभा असतो, खाली जेमतेम हात जाईल एवढी फट. त्याला स्वतःचा थ्री पिन प्लग आहे, मागे लाल लाईट असते आणि गाणं लागलं की ती हिरवी होते. दोन महिने झाले, आवाज जरा वाढवला की फर्रर्र करतो, पतंगाचा कागद फाटल्यासारखा. आणि दिवाळीत नवीन सेट-टॉप बॉक्स बसवला तेव्हापासून काही लावलेलं नसताना पण सारखा हूंऽऽ असा घुमत बसतो. एका टीव्हीच्या दुकानातल्या माणसाला घरी बोलावलं, त्याने उघडला नाही, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला बोर्ड गेलाय, ४,८०० रुपये, गॅरंटी नाही. मुलगा म्हणतो सेलमध्ये १६,००० ला साउंडबार मिळतोय सब-वूफरसकट, हा डबा भंगारात द्या. सासरे काही बोलत नाहीत, फक्त रोज संध्याकाळी भीमसेन लावायचे ते बंद केलंय. आणि हो, त्या डब्याखाली झाडताना रोज काळा भुगा निघतो, वाळवी लागली असेल तर ठेवण्यात अर्थच नाही ना? काय करू, दुरुस्त की नवीन?"
— गोंधळलेली सून

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही सगळ्यात शेवटी "आणि हो" करून लिहिलीत. तो भुगा. वाळवीचा पसारा मातकट असतो, मातीच्या नळ्या नाहीतर लाकडाच्या रंगाचे बारीक दाणे, असा काळा भुगा सहसा वाळवीचा नसतो. उद्या झाडताना थोडा चिमटीत घेऊन चोळून बघा, काजळीसारखा पसरला आणि बोटाला किंचित चिकट लागला तर तो फोम आहे, आणि माझी जवळजवळ खात्री आहे की तसंच होणार. स्पीकरच्या कोनाभोवती, म्हणजे आवाज काढणाऱ्या त्या शंकूभोवती, मऊ गोल कड असते ना, जिच्यावर कोन वर-खाली हलतो, कारागीर लोक जिला रिंग म्हणतात, ती कुजून गळतीये. तुमच्या डब्यात स्पीकर जमिनीकडे तोंड करून बसवलाय, म्हणूनच तो चार पायांवर उभा आहे, आणि म्हणूनच पंधरा वर्षांत घरातल्या कुणी त्याचं तोंड बघितलेलं नाही. जो घरी आला होता त्यानेही नाही.

तर पहिलं काम, आजपासून तो वाजवायचा बंद करा. मागचं स्विच बंद, प्लग काढून ठेवा. रिसीव्हरच्या मेनूत स्पीकर सेटिंगमध्ये सब-वूफर "नो" करता येतो आणि पुढचे दोन स्पीकर "लार्ज", म्हणजे खालचे सूर गायब न होता जमेल तेवढे पुढच्या दोघांतून येतात. सासऱ्यांना सांगा की तोवर असं ऐका, जरा पातळ वाटेल पण पूर्ण बंद नको. छोटे स्पीकर आहेत, व्हॉल्यूम फार वर नेऊ नका एवढंच.

वाजवू नका असं का म्हणतोय ते सांगतो. रिंगचं काम कोनाला नुसतं धरून ठेवायचं नसतं, बरोब्बर मधोमध धरायचं असतं. कोनाच्या मागे तांब्याच्या तारेची कॉइल असते आणि ती मॅग्नेटच्या एका गोल फटीत खाली-वर होते, ती फट इतकी अरुंद की दोन्ही बाजूंना मिलिमीटरच्या अंशाएवढी जागा. रिंग फाटली की कोन कलतो, कॉइल मॅग्नेटला घासायला लागते, आधी खरखर येते, मग तारेवरचं इनॅमल निघतं आणि एक दिवस कॉइल जाते. म्हणजे आज जे काम काही शे रुपयांच्या रिंगमध्ये भागतंय ते उद्या कॉइल-कोन सगळं बदलण्यावर जाईल. तुमचा पतंगाच्या कागदासारखा आवाज म्हणजे फाटलेल्या कडा एकमेकींवर फडफडतायत, अजून घासण्याची पायरी आलेली नसावी, निदान पत्रावरून तरी तसं वाटतंय.

आता बघायचं कसं. डबा प्लग काढून जाड चादरीवर हळूच आडवा करा, एकटीने नको, मुलाला लावा कामाला, मॅग्नेटमुळे एका बाजूला जड असतो आणि हातातून सटकतो. खालच्या बाजूला जाळी असेल तर ती ओढून निघते नाहीतर स्क्रू असतात. टॉर्च मारा. चांगली रिंग सायकलच्या ट्यूबसारखी गोल फुगीर आणि सलग दिसते. तुमची बहुतेक जागोजागी भेगाळलेली असेल, कदाचित एखाद्या बाजूला अख्खा तुकडा गळालेला आणि कोन तिथे लोंबत असेल. बोट लावून बघा पण ओढू नका, हात लावला की पडते, ओल्या पापडासारखी. मग दोन्ही तळवे कोनावर समोरासमोर टेकवून अगदी हलक्या हाताने सारखा दाब द्या, अर्धा सेंटिमीटर आत, आणि कान लावा. काही आवाज न येता कोन आत जाऊन परत आला तर कॉइल शाबूत. वाळूवर चप्पल घासल्यासारखं ऐकू आलं तर घासतीये. रिंग तुटल्यामुळे नुसता कलून घासत असेल तर तेही रिंग नीट बसवल्यावर जातं, त्यामुळे घाबरून जाऊ नका.

लोक मला विचारतात की आम्ही फारसा वाजवलाच नाही तर खराब कसा झाला. फोमची रिंग वापराने खराब होत नाही हो, वयाने होते. पॉलियुरेथेन फोम हवेतलं बाष्प पीत राहतो आणि आतल्या आत तुटत जातो, त्यात आपल्याकडचे चार महिने पावसाळा, बंद हॉल, डबा फरशीला टेकलेला. दहा-पंधरा वर्षांत तो जातोच, कपाटात खोक्यात ठेवला तरी जातो. रबराची रिंग असती तर अजून कितीतरी वर्षं चालली असती. यात सासऱ्यांनी जपून वापरलं का, मुलाने पार्टीला जोरात लावलं का, हा वादच नाहीये, घरात कुणावर बिल फाडू नका.

आता त्या बोर्डाचं बघू. तुमचा सब-वूफर स्वतःचा प्लग असलेला आहे म्हणजे त्याच्या पोटात स्वतःचा अँप्लिफायर आहे. लाल लाईट लागते म्हणजे आत वीज पोचतीये. गाणं लागलं की हिरवी होते म्हणजे सिग्नल येतोय आणि तो ओळखून बोर्ड जागा होतोय. हळू आवाजात नीट वाजतो म्हणजे अँप्लिफायर काम करतोय. बोर्ड गेला असता तर एकतर लाईटच नसती, नाहीतर लाईट आहे पण आवाजच नाही, किंवा लावल्या लावल्या फ्यूज उडतोय, सहसा यातलं काहीतरी असतं. तुमच्याकडे यातलं काहीच नाही आणि तरी ४,८०० रुपये बोर्डाचे. न उघडता, न पालथा करता सांगितलेलं निदान म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं (आता मीही पत्रावरूनच हाकतोय हे मला मान्य आहे, पण मी पैसे मागत नाहीये आणि तुम्हाला स्वतः बघायला तरी सांगतोय). त्या माणसाने फसवलंच असंही मी म्हणणार नाही. टीव्हीवाल्यांना बोर्ड बदलायची सवय झालेली असते, आजकाल टीव्हीत दुसरं काही बदलायला उरलेलंच नाही, मग प्रत्येक रोगाला तेच औषध. फक्त त्या रोगाचे पैसे तुम्ही देऊ नका.

हूंऽऽ चं प्रकरण वेगळं आहे आणि ते फर्रर्र बरोबर एकत्र करू नका, दोन तक्रारी एकाच डब्यातून येतात म्हणून कारण एकच असतं असं नाही. तुम्ही स्वतःच लिहिलंय की नवीन सेट-टॉप बॉक्स आल्यापासून. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा घुमारा ५० नाहीतर १०० हर्ट्झवर येतो आणि सब-वूफर नेमका तिथलाच राजा, बाकीच्या स्पीकरमधून तो ऐकूही येत नाही. होतं काय की सब-वूफर आणि रिसीव्हर भिंतीतल्या अर्थिंगला जोडलेले, आणि सेट-टॉप बॉक्सची जाड वायर बाहेर गच्चीवर किंवा जिन्यात कुठेतरी दुसरीकडेच अर्थ झालेली, त्या दोन अर्थमध्ये थोडासा फरक असतो आणि तो करंट ऑडिओच्या वायरीवरून फिरत बसतो. ग्राउंड लूप म्हणतात त्याला. हे तपासायला एक मिनिट लागतं. सब-वूफर चालू करा, काही वाजवू नका म्हणजे रिंगला त्रास नाही, घुमारा ऐका, आणि सेट-टॉप बॉक्सच्या मागची ती स्क्रूची गोल वायर सोडवा. लगेच थांबला तर चोर सापडला. नाही थांबला तर सब-वूफरला रिसीव्हरकडून येणारी एकुलती एक ऑडिओ केबल काढा, आता थांबला तर केबल नाहीतर रिसीव्हरकडचं काहीतरी. सगळं काढूनही घुमतच राहिला तर मात्र आतले पॉवर सप्लायचे कपॅसिटर थकलेत, त्यांची डोकी फुगतात, तेही वयाचंच दुखणं, आणि ते बदलायला सोल्डरिंग येणारा कुठलाही बरा माणूस चालतो, अख्खा बोर्ड लागत नाही.

ग्राउंड लूप निघाला तर आधी रिसीव्हर, टीव्ही, बॉक्स आणि सब-वूफर हे सगळे एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, कित्येकदा घुमारा तेवढ्याने कमी होतो. नाही झाला तर आयसोलेटर मिळतो, सिग्नल जाऊ देऊन तो फिरणारा करंट अडवणारा छोटा जोड. पण इथे एक गोची आहे. तुमच्याकडे केबलवाल्याचं कनेक्शन असेल तर टीव्हीच्या वायरीत बसणारा आयसोलेटर चालेल, गच्चीवर डिश असेल तर तो नको, कारण डिशच्या वायरीतून वरती वीजपण जाते, १३ किंवा १८ व्होल्ट, ती अडली की चॅनलच दिसणार नाहीत. डिश असेल तर सब-वूफरच्या ऑडिओ केबलमध्ये बसणारा घ्या, जरा बरा घ्या, अगदी स्वस्तातला घेतला तर तो खालचे सूर खातो आणि मग सब-वूफर ठेवून काय उपयोग. आणि कुणी शहाणा म्हणाला की प्लगची ती वरची जाड पिन काढून टाका, घुमारा जातो, तर घुमारा खरंच जातो, पण ती अर्थची पिन आहे, काही बिघाड झाला तर डब्याचा पत्रा लाइव्ह होईल. अजिबात नाही.

बरं. आता रिंग स्वतः बसवावी का? इंटरनेटवर किट मिळतं, व्हिडिओ बघून वाटतं की हे तर वहीला कव्हर घालण्याइतकं सोपं. मी केलंय. कॉलेज संपल्या संपल्या, रात्री दोन वाजता, मोठ्या उत्साहात. जुना फोम खरवडला, नवीन रिंग आणली होती, आणि धीर नव्हता म्हणून झटपट चिकटणारा गोंद लावला. तो इतका झटपट चिकटला की कोन मिलिमीटरभर डावीकडे राहिला ते मला हात काढल्यावर कळलं. सकाळी लावला तर सारंगीच्या ऐवजी सुपारी कातरल्याचा आवाज. तसाच आठवडाभर वाजवला कारण वडिलांना सांगायची हिंमत नव्हती, आणि आठव्या दिवशी कॉइल गेली. पुढे तो स्पीकर पेठेतल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेला, त्यांनी माझी रिंग बघितली, चष्मा काढला, पुसला, परत घातला, एक शब्द बोलले नाहीत. सरळ ब्लेडने मधली टोपी कापली, ती जी वाटीसारखी डस्ट कॅप असते ती, आत कॉइलच्या भोवती फोटोच्या निगेटिव्हच्या कापलेल्या पट्ट्या खोचल्या म्हणजे कॉइल चारी बाजूंनी सारख्या अंतरावर बसली, मग रिंग आधी कोनाला चिकटवली, वाळू दिली, मग फ्रेमला, आणि हे सगळं हळू वाळणाऱ्या रबरी गोंदाने, म्हणजे बोटाने सरकवायला वेळ मिळतो. दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढून टोपी परत चिकटवली. तेव्हापासून मी लोकांना सांगतो, हौस असेल, हात स्थिर असेल आणि स्पीकर स्वतःचा असेल तर करून बघा. सासऱ्यांच्या स्पीकरवर नको.

कारागिराकडे अख्खा डबा न्यायची गरज नाही, नुसता स्पीकर न्या. प्लग काढलेला आहे याची परत खात्री करा, गोल फ्रेमचे स्क्रू समोरासमोरचे आलटून पालटून सैल करा, स्पीकर वर उचलला की मागे दोन वायरी दिसतील, काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा कुठली वायर कुठे आहे त्याचा, एक प्लस एक मायनस, नंतर उलटं लागलं तर बाकीच्या स्पीकरशी त्याचं जमत नाही, बेस पोकळ होतो. मागच्या बाजूला बटणं असलेली जी लोखंडी प्लेट आहे ती मात्र उघडायची नाही, त्यामागे पॉवर सप्लाय आहे आणि त्यातल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज असू शकतो, प्लग काढल्यावरही काही वेळ राहतो.

स्पीकर हातात आला की निघायच्या आधी एक गंमत करा, मुलाला आवडेल. रिमोटमधला पेन्सिल सेल घ्या, दीड व्होल्टचा, दोन वायरींनी स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा आणि उचला. कोन थप्प करून हलला तर कॉइल जिवंत आहे. काहीच नाही झालं तर कॉइल तुटलीये आणि मग हिशोब थोडा बदलतो. मल्टिमीटर असेल तर अजून चांगलं, ४ ओहमच्या स्पीकरला तीन-साडेतीनच्या आसपास आकडा येतो, ८ च्याला सहाच्या आगेमागे. मीटरने "सर्किट उघडं" दाखवलं तर संपलं.

आणि डबा रिकामा आहे तर त्याची खालची कड पण बघून घ्या. हे डबे एमडीएफचे असतात, लाकडी भुशाचा दाबलेला पुठ्ठाच म्हणा, आणि पंधरा वर्षं रोज ओल्या फडक्याने फरशी पुसली की कधीतरी पाणी पायांतून वर चढतं आणि कड फुगून बिस्किटासारखी होते. थोडीशी फुगली असेल तर चालतं. सांधाच उघडला असेल, हाताने दाबल्यावर हवा जात असेल, तर तेवढं फेव्हिकॉल भरून शिकंजात आवळून घ्यावं लागेल, कुठलाही सुतार करून देईल.

जायचं पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात. सिंहगड रोडवरून बसने स्वारगेट, तिथून मेट्रोने पुढचंच स्टेशन मंडई, आणि मग चालत बुधवार पेठेत. गाडी घेऊन गेलात तर स्पीकर दुरुस्त होईल पण तुम्ही दुरुस्तीला याल. तिथे पहिल्या दुकानात थांबू नका. पुढे जे पार्ट विकतात त्यांनाच विचारा की रीकोनिंग, म्हणजे स्पीकरचा कोन-रिंग बदलायचं काम, कोण करतं, मंडपवाल्यांचे स्पीकर कुणाकडे येतात. हे लोक तुमच्या टीव्हीवाल्यापेक्षा स्पीकर जास्त ओळखतात कारण गणपती झाले की यांच्याकडे जळालेल्या कॉइलींचा ढीग येतो. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर सोडून जा.

पण मंडपवाल्यांच्या कारागिराकडे एक धोका आहे आणि तो नीट सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. मंडपाच्या स्पीकरला कडक कापडी रिंग असते, चुण्याचुण्यांची, वर काळं लुकण लावलेली. ती मजबूत, फाटत नाही, आणि कारागीर अगदी चांगल्या मनाने म्हणेल, ताई फोम कशाला, कापडी टाकतो, जन्मभर बघायला नको. नाही म्हणा. सब-वूफरचा कोन सैल, लांब हलायला हवा, त्याशिवाय खालचा सूर निघत नाही, कडक रिंग लावली की तो आवाज करतो पण डब्यावर थापा मारल्यासारखा, खोली जाते. "फोमची नाहीतर मऊ रबराची, मूळ होती तेवढ्याच मापाची" हे वाक्य पाठ करून जा. माप म्हणजे स्पीकर आठ इंची एवढं सांगून भागत नाही, कोनाचा व्यास आणि फ्रेमच्या आतला व्यास दोन्ही जुळायला लागतात, म्हणून स्पीकर स्वतः न्यायचा, फोटो दाखवून होणार नाही. किती पैसे ते आधी ठरवा, कागदावर लिहून घ्या, आणि एक रात्र वाळायला ठेवायला सांगा. दोन तासात देतो म्हणाला तर माझा झटपट गोंद आठवा.

आता सोळा हजाराचा साउंडबार. तुमच्या चिरंजीवांचा मुद्दा मी उडवून लावत नाहीये. हॉलमधल्या वायरींचं जंगल जाईल, एका रिमोटवर सगळं, फोनवरून गाणी, सिनेमातले संवाद स्वच्छ. तुम्ही नवीन घर लावत असता आणि काहीच नसतं तर मी पण तेच सांगितलं असतं. पण तो तुलना चुकीची करतोय. तो म्हणतोय ४,८०० घालायचे की १६,०००, आणि खरी तुलना आहे एक फोमची रिंग अधिक मजुरी आणि समोर १६,००० अधिक चांगले चालणारे पाच स्पीकर आणि रिसीव्हर भंगारात. "दुरुस्तीचा खर्च नव्याच्या अर्ध्यावर गेला की नवीन घ्या" असं सगळे सांगतात, मी तो नियम फार मानत नाही कारण त्यात नवीन म्हणजे काय हे कुणी विचारत नाही. आत्ता जेवढं चांगलं वाजतं तेवढं वाजणारं नवीन कितीला, हे विचारायचं. आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं तर कोनाला चौपट लांब हलावं लागतं, हे भौतिकशास्त्र आहे, सेलमध्ये बदलत नाही. म्हणून त्या किमतीच्या साउंडबारबरोबर येणारा सडपातळ डबा सिनेमातला स्फोट दणक्यात वाजवतो पण डग्ग्याचा घुमारा, ती तळहाताने मनगट सरकवून काढलेली मींड, तिथे बहुतेक वेळा नुसतं धप ऐकू येतं. सासऱ्यांना फरक कळेल. ज्याने डिसेंबरात मैदानावर बसून सवाई गंधर्व महोत्सव ऐकलेला असतो त्याला कळतोच.

शिवाय साउंडबारचा सब-वूफर बिनवायरीचा असतो आणि बहुतेक वेळा तो त्याच्याच बारशी बोलतो, दुसऱ्या कुणाशी नाही. उद्या दोघांतला एक गेला की दुसरा मुका. म्हणजे आज जो प्रश्न तुम्ही मला विचारताय तो तेव्हा विचारायचीही सोय नाही. तुमच्या जुन्या डब्याला एक साधी केबल जाते, पुढे कधी बोर्ड खरंच गेला तर डबा आणि स्पीकर तसाच ठेवून दुसरा अँप्लिफायर लावता येतो.

मग मी नवीन घ्या कधी म्हणतो? डबा पाण्याने पार फुगून सांधे सुटले असतील तर. कॉइल जळालेली, मॅग्नेट सरकलेला आणि त्या मापाचा कोन मिळत नाही असं दोन कारागिरांनी स्पीकर हातात घेऊन सांगितलं तर. किंवा बोर्ड जळून काळा झालाय, आत पालीने किंवा झुरळांनी शॉर्ट केलाय (हसू नका, उबदार अंधारा डबा आणि हवा यायला भोक, त्यांना अजून काय हवं), आणि दुसरा बसवायचा खर्च नवीन सब-वूफरच्या जवळ चाललाय तर. तेव्हाही अख्खा सेट नको, रिसीव्हरच्या मागे "सब आऊट" लिहिलेलं भोक तुमच्याकडे नक्की असणार कारण आत्ताची केबल तिथेच लागलेली आहे, त्याच भोकात बाजारातला कुठलाही प्लगवाला सब-वूफर चालतो. आणि जुना भंगारवाल्याला देऊ नका, तो मॅग्नेट आणि तांबं काढून बाकीचं कुठेतरी जाळतो, कचरा न्यायला येणाऱ्या "स्वच्छ" या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंना विचारा, ई-कचरा वेगळा घेण्याची त्यांची सोय आहे.

पण तुमच्या पत्रावरून मला तरी ती वेळ आलेली दिसत नाही. दुरुस्त करा. मुलाला सांगा की साउंडबारचे पैसे पुढच्या दिवाळीपर्यंत बाजूला राहू देत, रिंग बसवूनही समाधान नाही झालं तर तेव्हा त्याच्या मनासारखं. सेल काय, दर महिन्याला असतो. आणि स्पीकर काढायच्या आधी सासऱ्यांना विचारा, म्हणजे परवानगी म्हणून नाही, पण स्वतःच्या पैशाने घेतलेली वस्तू आपण झोपलेलो असताना कुणी उघडली हे त्या वयात आवडत नाही. सेटबरोबर आलेलं मॅन्युअल त्यांच्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत असणार, पैज लावतो. बिलासकट.

रिंग बसून आली की पहिले दोन दिवस हळू आवाजातच लावा, फोम नवीन असताना जरा ताठ असतो आणि गोंदही आतून पूर्ण वाळायला वेळ घेतो. डबा परत ठेवताना कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवू नका, कोपऱ्यात बेस फुगतो आणि खालच्या मजल्यावर जातो, हातभर पुढे घ्या, जागा हॉलमध्ये कुठेही चालेल कारण इतक्या खालच्या आवाजाची दिशा कानाला कळत नाही. पायांखाली जाड रबराचे तुकडे घाला, म्हणजे फरशीही थरथरणार नाही आणि पुसायचं पाणीही वर चढणार नाही. आणि डब्याखाली आत्ता जो काळा भुगा पडलाय तो झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपून घ्या, फरशीवर घासला गेला की त्याचे डाग निघता निघत नाहीत.